ढमाले साहेबांचा रविवारचा रस्ता

आमच्या सोसायटीत कोणाकडेही पाहुणा येवो, त्याचं पहिलं स्वागत यजमान करत नाही, ढमाले साहेब करतात. माझी मावशी लातूरहून आली, तेव्हा हे फाटकातच उभे. तिची पिशवी हातात घेत म्हणाले, "वेलकम. पाणी गेटपर्यंत, वीज गेटपर्यंत, डांबरी रस्ता तर थेट गेटपर्यंत." पाणी एक दिवसाआड येतं हे त्यांनी सांगितलं नाही. मावशी वर येऊन मला हळूच म्हणाली, "हा बाबा प्लॉट विकायलाय का रे?"

मावशीचं फारसं चुकलं नव्हतं. ढमाले उद्योग खात्यात आहेत. परदेशी कंपनीला महाराष्ट्रात कारखाना काढावासा वाटला की तिची माणसं जागा बघायला येतात. त्यांना विमानतळावरून उचलायचं आणि चाकणच्या आसपासचा माळ दाखवायचा, हे ढमाल्यांचं काम. करार मंत्री करतात, फोटोही त्यांचाच येतो. "पर कंपनी भाळते ती आमी दाखवलेल्या माळावर," असं ढमाले म्हणतात. मी एकदा हौसेनं त्यांच्याबरोबर महाळुंग्याला गेलो होतो. माळावर दोन म्हशी चरत होत्या. ढमाल्यांनी एका म्हशीकडे बोट दाखवून "इथं तुमचं पेंट शॉप" आणि दुसरीकडे दाखवून "इथं कँटीन" असं इंग्रजीत अशा काही विश्वासानं सांगितलं, की मलाच भूक लागली.

त्यांची खरी विद्या मात्र घड्याळाची. शिफ्ट सुटायच्या वेळी चाकणचा चौक ज्यानं पाहिलाय, त्याला मी काय सांगणार? ट्रेलर, कंपन्यांच्या बस, टमटम, मधे एखादी वऱ्हाडाची गाडी, आणि सगळे जागच्या जागी. ढमाले याबद्दल पाहुण्यांशी कधीही खोटं बोलले नाहीत. ते फक्त पाहुण्यांना रविवारी सकाळी सात वाजता नेतात. मोकळ्या रस्त्यावरून गाडी सुळकन साइटवर पोचली की ते मनगटावरचं घड्याळ पुढे करतात. पाहुणा रविवारी का, असं विचारतो, तेव्हा आमच्याकडे हा वार शुभ मानतात, असं ठोकून देतात.

अशा हुशार माणसाचीही एकदा फजिती झाली. कोरियन मंडळी आली होती. ढमाल्यांनी त्यांच्या प्रमुखाला शाल-श्रीफळ दिलं आणि नारळ किती पवित्र असतो यावर पाच मिनिटं बोलले. त्या सज्जन माणसानं ते इतकं मनावर घेतलं, की नारळ खाली ठेवायलाच तयार होईना. दिवसभर दोन्ही हातांत नारळ धरून तो तीन कारखाने हिंडला. संध्याकाळी मंत्र्यांनी हस्तांदोलनाला हात पुढे केला, तर यानं नम्रपणे मान लववली आणि नारळ आणखी घट्ट धरला. तेव्हापासून ढमाले नुसती शाल देतात.

बायको गेल्यापासून घरात ते एकटेच. एकुलती एक मुलगी, अनघा, जर्मनीत ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर आहे. गेल्या वर्षी एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि आत येऊन दार लावून घेतलं.

"सबनीस, पोरीची कंपनी हिंदुस्थानात कारखाना काढतीय. दोनच जागा उरल्यात. एक चाकण, एक तिकडं दक्षिणंत. जिथं कारखाना, तिथं अनघा येणार."

"चाकणला झाला तर?"

"तर घरी ऱ्हाईल. डबा मी करून दीन."

"ऑफिसात सांगितलंत का हे?"

"सांगितलं तर. साहेब म्हणले, मग ढमाले, तूच जा त्यांच्यासंगं."

त्यानंतर महिनाभर त्यांनी आम्हाला हैराण केलं. अनघाच्या खोलीला रंग दिला. पोळ्या शिकायला ते माझ्या बायकोकडे येऊन बसायचे आणि पहिली गोल पोळी त्यांनी जिना चढून दोन मजल्यांवर दाखवून आणली. जर्मन पाहुणे येणार तो रविवार आम्हा सगळ्यांना पाठ झाला होता. आणि शनिवारी ढमाले म्हणाले, "उद्या न्हाई नेत. मंगळवारी नेतो. सांजच्याला साडेपाचला."

मला वाटलं, माणूस काळजीनं भ्रमिष्ट झाला. मंगळवारी तिघे जर्मन त्या चौकात पावणेदोन तास बसले. एक जण उतरून शेंगदाणे घेऊन आला, तरी गाडी तिथेच. हे रोजच असतं का, असं त्यांनी विचारल्यावर ढमाल्यांनी सांगितलं, रोज, आणि पावसात याहून वाईट.

"अहो, पण का?" मी दुसऱ्या दिवशी अक्षरशः ओरडलो.

"शुक्रवारी मी स्कूटर घेऊन गेलतो, शिफ्ट सुटायच्या वक्ताला. पोरगी कशी येईल जाईल ते बघावं म्हणून. माझ्या म्होरं एक पोरगी स्कूटीवर, दोन ट्रेलरच्या मधी. पाय टेकवायला जागा न्हाई तिला. सबनीस, माझी अनघा काय फकस्त रविवारी कामाला जाणार हाय?"

महिन्याभरानं कारखाना दक्षिणेत गेला. कंपनीच्या पत्रात चार कारणं होती, त्यांत रस्ता एक. अनघाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. ढमाले फोन नेहमी स्पीकरवरच घेतात.

"अप्पा, आमचे लोक म्हणतात, इतका खरं सांगणारा अधिकारी कुठेच भेटला नाही. पण मंगळवारी का नेलंत? मी तरीही आले असते."

"म्हणून तर नेलं," ढमाले म्हणाले. मग लगेच त्यांनी विचारलं, "जेवलीस का?"

मला त्या दिवशी त्यांचा राग आला आणि रडूही आलं. हातात आलेली मुलगी या माणसानं स्वतःहून घालवली, असं वाटत राहिलं.

आठवड्यानं मी त्यांच्याकडे गेलो, तर ते त्या दक्षिणेतल्या राज्याच्या उद्योग खात्याशी फोनवर इंग्रजीत बोलत होते. शेवटची बस किती वाजता? सातनंतर एकट्या बाईला रिक्षा मिळते का? रस्त्यावर दिवे आहेत, की नुसते खांब? पलीकडचा माणूस प्रत्येक प्रश्नाला "नो प्रॉब्लेम, सर" म्हणत होता.

ढमाल्यांनी फोन ठेवला. "माणूस हुशार हाय," ते म्हणाले. "मीबी हेच सांगितलं असतं."

टेबलावर त्यांचा रजेचा अर्ज लिहून तयार होता. दहा दिवसांची रजा, अनघा तिथे रुजू व्हायच्या आधीची. मी कारणाचा रकाना वाचला. तिथे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'जागेची पाहणी'.