चिमाजीच्या कुटुंबाचं व्रत

निर्णय कसा घ्यावा हे जगानं चिमाजी शेलाराकडून शिकावं, असं खुद्द चिमाजीचं मत होतं! "भावनेच्या भरात माणूस खड्ड्यात जातं," तो सांगायचा. "आपलं काम कागदावर! दोन रकाने, खाली बेरीज, मिटला विषय!" लग्न ठरवताना मुलगी पसंत आहे का असं विचारल्यावर त्यानं आधी पेन्सिल मागितली, असं त्याच्या गावात म्हणतात. ते खोटं असेलही. पण चिमाजीला ओळखणारा कुणी त्यावर पैज लावणार नाही.

हा चिमाजी मूळचा पाटण तालुक्यातला, मुंबईत गिरणीत फिटर. लालबागला एका गाळ्यात चोवीस माणसं, झोपायचं तेही पाळीपाळीनं! बायको सुभद्रा गावी सासूजवळ. लग्नाला सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत नवरा-बायको एका छपराखाली किती दिवस राहिली, हा हिशेब मात्र ह्या हिशेबी माणसानं कधी मांडला नव्हता.

पंचावन्न साली पिंपरीच्या माळावर औषधांचा कारखाना सुरू झाला आणि फिटर पाहिजेत अशी बातमी गाळ्यापर्यंत आली. पगार मुंबईपेक्षा कमी. पण तिथं अख्खी खोली नऊ रुपयांत! म्हणजे बायको आणता येईल! दुसरा कुणी असता तर त्याच दिवशी वळकटी बांधून निघाला असता. चिमाजीनं लाल पुठ्ठ्याची वही विकत आणली. डावीकडे मुंबई, उजवीकडे पिंपरी. गिरणीत महिन्याची रजा टाकली, पिंपरीला उमेदवारीवर लागला आणि मनाशी म्हणाला, महिन्यात बेरीज होईल तिकडं कायमचं! तोवर सुभद्रेला काही कळवायचं नाही. उगाच आशा लावून ठेवायची आणि बेरीज मुंबईची निघाली तर?

खोली मिळाली ती पिंपरी गावात आबाजींकडे, गोठ्याच्या अंगाला. आबाजी जुन्या वळणाचे.

"एकटं माणूस आमी ठेवत न्हाई. घरात सुना हायेत. कुटुंब कुठाय?"

"गावाकडं. येतंय की!"

"आठ दिवसांत आण. न्हाईतर वळकटी उचल!" आणि त्यांनी चिमाजीचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका असं सगळं पंचांगाच्या कडेला लिहून घेतलं.

"हे कशाला, आबा?"

"भाडं बुडवून पळालास तर!"

आठ दिवस गेले. वही काही ठरवू देईना! वांगी स्वस्त मिळाली की पिंपरी वर, गिरणीत बोनस मिळणार अशी हूल आली की मुंबई वर! नवव्या दिवशी सकाळी आबाजी आणि त्यांच्या मंडळी छबूबाई दारात हजर.

"आलं का कुटुंब?"

आता सरळ सांगावं की नाही, की अजून ठरत नाही म्हणून? पण चिमाजीच्या तोंडून निघालं, "आलंय की! रातीच!"

"मग हाक मार."

"बोलत न्हाई ती! व्रत हाय तिचं. एकवीस दिवस परक्याचं तोंड बघायचं न्हाई, बोलायचं न्हाई!"

एकवीसच का? तर रजा संपायला बरोबर तेवढेच दिवस उरले होते. थाप मारतानासुद्धा गडी हिशेब सोडत नव्हता!

"कंचं व्रत रं हे?" छबूबाई म्हणाल्या. "साठ पावसाळं बघितलं, हे कधी ऐकलं न्हाई."

"आमच्या पाटणकडं असतंय, मावशी!"

छबूबाईंनी त्याच्याकडं बघितलं, मग लोटलेल्या दाराकडं बघितलं आणि आबाजींना म्हणाल्या, "चला वो. व्रताच्या दारात उभं ऱ्हाऊ न्हाई. आन कुणी त्या दाराला हात लावायचा न्हाई, सांगून ठेवते!"

चिमाजी सुटला! पण खोटं बोलणं सोपं, ते रोज पाळणं अवघड. खोलीत बाई आहे तर दोरीवर लुगडं नको? सुभद्रेला दिवाळीत द्यायला म्हणून त्यानं मुंबईहून एक हिरवंगार लुगडं आणलं होतं, घडी न मोडलेलं. ते काढलं आणि पहाटे, कुणी उठायच्या आत, परसात धुवायला बसला. नऊ वारी प्रकरण! पिळायला गेला तर एक टोक दगडाखाली, दुसरं पायात आणि मधला भाग मानेभोवती! पहिल्या दिवशी तर बैल त्याच्याकडं बघून दोन पावलं मागं सरला.

मग सडा घालणं आलं, उंबऱ्यावर हळदकुंकू आलं, रांगोळी आली. चिमाजी फिटर माणूस. त्याच्या बोटांना एकच आकृती यायची, दातेरी चाक! त्यानं दारापुढं दोन चाकं काढली, एकात एक अडकलेली. शेजारची गोजाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "अगं बया! पाटणकडं अशी रांगोळी घालत्यात व्हय?" दुसऱ्या दिवशी गल्लीत सात दारांपुढं दातेरी चाकं!

इथपर्यंत ठीक होतं. पण चौथ्या दिवशी गोजाबाईनं जाता जाता उंबऱ्यावरचं कुंकू उचलून आपल्या लाथाड्या म्हशीला लावलं, आणि म्हशीनं त्या दिवशी निमूट दूध दिलं! झालं! बायका उंबऱ्यावर नारळ ठेवू लागल्या. कुणी पेरू, कुणी गुळाचा खडा. एक-दोघींनी दाराच्या फटीतून डोकवायचा प्रयत्न केला, तर छबूबाई अंगावर धावून गेल्या. "व्रत मोडलं तर पाप कुणाच्या माथी? व्हा मागं!" ही बाई इतकी भाविक निघेल असं चिमाजीला वाटलं नव्हतं. तो मनातल्या मनात रोज तिच्या पाया पडायचा.

पुढं तर कौल मागायलाच सुरुवात झाली! चिमाजी शिफ्टवरून आला की दारात बाई उभी. "बाईंना विचारा, पोराला कारखान्यात कायम करतील का?" चिमाजी आत जायचा, दार लोटायचा, वीसपर्यंत आकडे मोजायचा आणि बाहेर येऊन म्हणायचा, "खुणेनं सांगितलं. करतील म्हणे, पण वेळेवर जाऊ द्या."

आणि मग एका संध्याकाळी गोजाबाई आली ती डोळ्याला पदर लावूनच. तिचा थोरला मुलगा दौलत मुंबईला निघाला होता. गिरणीत ओळख लागली होती, पगार इथल्यापेक्षा वीस रुपये जास्त. "बाईंना विचारा की, धाडू का न्हाई?"

चिमाजी आत गेला. हा तर त्याच्याच वहीतला सवाल! त्यानं वही काढली, घाईघाईनं पानं उलटली. मुंबईत महिन्याला पन्नास उरतात, पिंपरीत सव्वीस. उत्तर सरळ होतं. पण विचारलं चिमाजीला नव्हतं, सुभद्रेला होतं. दोरीवरून काढलेलं लुगडं खुंटीला लटकत होतं. रोज धुऊन धुऊन त्याचा हिरवा रंग पार उतरला होता. ती असती तर काय म्हणाली असती? वीस झाले, चाळीस झाले, आकडे मोजून संपले तरी त्याला बाहेर येता येईना.

शेवटी तो आला. "ती म्हणते, पैसा तिकडं जास्त हाय, खोटं न्हाई. पण आजारी पडला तर पाण्याचा तांब्या कोण देईल, ते आधी बघा. आन सणाला कुणी वाट बघत असलं तर तिला काय सांगाल, तेबी बघा."

गोजाबाई रडली. "लई खरं बोलली वो तुमची बाई!" म्हणाली आणि गेली. चिमाजी तिथंच उंबऱ्यावर नारळांच्या मधे बसून राहिला. त्या दिवसापासून त्यानं वही उघडली नाही. पण बायकोला पत्रही लिहिलं नाही. लिहायचं तरी काय? 'ये, तू इथं पंधरा दिवस राहतेच आहेस'?

एकविसावा दिवस शनिवारी आला. सोमवारी गिरणीत हजर व्हायचं होतं. चिमाजीचा बेत असा होता की दुपारी येऊन 'कुटुंब माहेरी गेलं' म्हणायचं, वळकटी उचलायची आणि तोंड काळं करायचं! पण छबूबाईंनी परस्पर व्रताचं उद्यापन मांडलं होतं! अंगणात पुरणाचा वास, एकवीस सवाष्णींची पानं आणि दारापुढं दर्शनाला बायकांची रांग.

चिमाजी शिफ्टवरून येऊन बघतो तर रांगेत चौथ्या नंबरला, पत्र्याच्या ट्रंकेवर, हातात नारळ धरून सुभद्रा बसलेली!

खरीखुरी सुभद्रा! एस.टी.तून उतरून तिनं चिमाजीचं घर विचारलं होतं. गोजाबाई म्हणाली, "दर्शनाला आलीस? मागं सरक, रांगेनं ये. हा धर नारळ."

"कुणाच्या दर्शनाला?"

"चिमाजीरावांच्या बायकोच्या! लई पुण्यवान बाई!"

तेव्हापासून सुभद्रा अक्षरही न बोलता रांगेत बसली होती. नवऱ्याची ही पुण्यवान बायको कोण, ती बघूनच तिला उठायचं होतं. चिमाजीला बघितल्यावर ती उठली. नारळ तिच्या हातातच होता, आणि तो तिनं ज्या तऱ्हेनं धरला होता ते बघून चिमाजी दोन पावलं मागं सरला.

तेवढ्यात छबूबाईंनी "आधी पानं वाढायला लागा!" म्हणून रांग चुलीकडं पिटाळली, दोघांच्या दंडाला धरून त्यांना खोलीत ढकललं आणि दार ओढून घेतलं.

सुभद्रेनं चारी कोपरे बघितले. एक ताट, एक तांब्या, एक वळकटी. "कुठाय ती?"

"कोण?"

"तुमची बायको!"

"तूच की गं!" चिमाजीला रडू फुटायचंच बाकी होतं. मग त्यानं सगळं सांगितलं. रजा, वही, थाप, लुगडं, म्हैस, एका दमात!

सुभद्रेनं वही उचलली. तिला वाचता येत नव्हतं. "वाचा," ती म्हणाली. त्यानं वाचलं. मुंबई पन्नास, पिंपरी सव्वीस.

"मग मुंबईच बरी की. आन ह्यात मी कुठं हाय?"

चिमाजीनं बोट ठेवलं. पिंपरीच्या रकान्यात, घासलेट आणि मिठाच्या मधे. "कुटुंब, चौदा रुपये."

"कशात? खर्चात?"

"...खर्चात."

सुभद्रेनं वही मिटून खाली ठेवली. "सहा वर्सांत आपण किती दिवस संगं ऱ्हायलो, ते हाय का वहीत?"

"न्हाई."

"माझ्याकडं हाय. एकशे अठरा दिवस. त्यातलं अकरा तुमी तापानं पडून होता."

चिमाजीनं मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला एखादा आकडा तपासून बघावासा वाटला नाही. "हिशेब चुकला, सुभद्रे," तो म्हणाला. "पहिल्या ओळीपासनं चुकला. मला तू पाहिजेस. पगार गेला चुलीत!"

सुभद्रेनं खुंटीवरचं लुगडं हातात घेतलं. "हे माझं?"

"व्हय. नवं हाय. म्हंजे, होतं."

मग मात्र ती हसली, हसता हसता डोळे पुसू लागली आणि चिमाजीही त्याच लुगड्याच्या दुसऱ्या टोकानं पुसू लागला.

दार ढकलून छबूबाई आत आल्या. "झालं का रडून? पुरण गार व्हतंय!"

"मावशी, माझं चुकलं," चिमाजी म्हणाला. "व्रत-बित काय नव्हतं..."

"पहिल्याच दिवशी कळलं मला, मुडद्या! बाई लुगडं वाळत घालते ते पदर झटकून, काठ काढून. तू घातलंस घोंगडं टाकल्यागत! आन बाई ऱ्हाती त्या खोलीतनं भाकरी थापल्याचा आवाज येत न्हाई व्हय? पण म्हणलं, जो बाप्या बायको नसताना तिचं लुगडं पहाटं उठून धुतो, त्याला बायकोची लई गरज हाय. पंचांगातनं पत्ता काढला आन मास्तरांकडनं कार्ड लिहून घेतलं."

सुभद्रेनं कमरेच्या पिशवीतून ते कार्ड काढलं. चिमाजीनं वाचलं. वर पिंपरीचा पत्ता आणि खाली एकच ओळ: 'तुझा नवरा तुझ्या आठवणीनं येडा झालाय, शनिवारपर्यंत ये.'

"आन व्रत नव्हतं कोण म्हणतं?" छबूबाई म्हणाल्या. "एकवीस दिवस पुरं झालं. बाईचं नव्हं, बाप्याचं झालं, एवढंच. आता आबांना ह्यातलं काय बोलू नगंस!"

सुभद्रा ते विटकं लुगडं नेसून बाहेर आली, तशा बायका हात जोडून उभ्या राहिल्या. गोजाबाई डोळे विस्फारून बघतच राहिली. "अगं बाई, ही तर रांगेतली!"

"मग?" छबूबाई ठसक्यात म्हणाल्या. "तुमची परीक्षा बघायला बसली व्हती!"

"आन मी तिला मागं सरक म्हणाले!" गोजाबाई मटकन खालीच बसली.

सोमवारी चिमाजीनं गिरणीला कार्ड टाकलं की येत नाही. लाल वहीची पानं चूल पेटवायला बरी पडली. दौलतही मुंबईला गेला नाही. व्रताच्या बाईनं सांगितलं होतं ना!

त्याच सोमवारी पहाटे सुभद्रा चहाचा कप घेऊन परसात आली आणि तिनं लुगडं चिमाजीच्या पुढ्यात टाकलं.

"आता तू आलीस की!" चिमाजी म्हणाला.

"एकवीस दिवसच झालं. सहा वर्सांचं बाकी हाय. करा हिशेब!"

चिमाजीनं मनात आकडा धरला, आणि निमूट पाण्यात हात घातला. पुढं कित्येक वर्षं, पोरंबाळं झाल्यावरही, पहाटे परसात चिमाजी लुगडं पिळताना दिसायचा. नवा भाडेकरू हमखास विचारायचा, "काय वो चिमाजीराव, बायकोचं लुगडं तुमी धुता?"

चिमाजी पदर झटकून, काठ काढून, लुगडं दोरीवर नीट घालायचा आणि म्हणायचा, "व्रत हाय!"