छताला चिकटलेलं यान

एल्फ्रीडा क्रामरने मासिकाकडून आलेल्या पाकिटातून मुखपृष्ठाच्या चित्राचा फोटो काढला, स्वयंपाकघराच्या भिंतीवर टाचला आणि बटाटे सोलत त्याच्याकडे पाहू लागली. मासिकाचा रिवाज असा, की मुखपृष्ठ आधी रंगवायचं आणि त्यावरून कथा मागाहून लिहवून घ्यायची. चार वर्षं तिच्या अंतराळकथा आतल्या पानांत येत होत्या. या वेळी मुखपृष्ठाची कथा तिची होती. म्हणजे नाव बाहेर, ठळक आणि अख्खं.

चित्रात पोहण्याच्या पोशाखातली एक मुलगी राक्षसाच्या पंजावर उभी होती. राक्षसाचे पाय मात्र वर छताला होते.

"यानसुद्धा वर कसं चिकटलंय?" तिच्या नवऱ्याने, रुडीने विचारलं.

"ती गुहा आहे. छतातलं खनिज सगळं वर ओढतं."

"मग ही पोरगी खाली कशी?"

एल्फ्रीडा शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. कारणावाचून काही घडतं, हे तिला मान्य नव्हतं. "तिला त्या ओढीवरची लस टोचलीय."

"आणि केस का ताठ उभे?"

"केस निर्जीव असतात. लस तिथवर पोचत नाही."

"बाटलीतलं पाणी वर सांडतंय बघ."

"पाण्याला कोण लस टोचणार, रुडी?"

तिने कथा शनिवारी टपालात टाकली. बुधवारी न्यूयॉर्कहून संपादकांचा फोन आला.

"बाई, कथा झकास. वाचताना माझं उतरायचं स्टेशन हुकलं. पण सगळे छतावर का?"

"चित्रात आहेत म्हणून."

"अहो, राक्षसाने पोरीला घोट्यांना धरून उलटं टांगलंय!"

रिसीव्हरमधलं ओरडणं ऐकून रुडीने भिंतीवरचा फोटो काढला, फिरवला, पुन्हा टाचला. यान जमिनीवर आलं. केस खाली लोंबले. पाणी पाण्यासारखं सांडू लागलं. एल्फ्रीडाने रिसीव्हर तोंडाजवळ ओढला.

"मी बदलून देते."

"छपाई उद्या आहे. दुसऱ्या कुणाची तरी तयार कथा घालावी लागेल."

"थांबा. मासिकाचं आणि माझं नाव चित्रावर छापून झालंय?"

"नाही."

"मग चित्र फिरवा. शास्त्रात काही चूक निघणार नाही."

"आणि चित्रकार? त्याची खालची सही वर जाईल. जीव घेईल तो माझा!"

"अंक निघाल्यावर घेईल ना?"

जूनमध्ये अंक निघाला. एल्फ्रीडा ठेवणीतली हॅट घालून रुडीबरोबर कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडे गेली. बारा अंक ओळीने टांगलेले होते. बाराही उलटे.

"अहो, हे असे का लावलेत?"

"छापखान्यात सगळे आंधळे बसलेत, बाई," पेपरवाला म्हणाला. "चित्रावर नावं उलटी छापलीत. राक्षस डोक्यावर उभा, यान आभाळात! सकाळपासून एकेक सरळ करतोय."

रुडीने तोंड उघडलं. एल्फ्रीडाने त्याला कोपराने ढोसलं. मग तिने मान पार खांद्यापर्यंत वाकवली आणि आपलं नाव वाचलं. संपल्यावर पुन्हा एकदा वाचलं.

"मान धरलीय का, बाई?"

"हो," ती तशीच वाकून म्हणाली. "असू दे. दोन अंक द्या."