पातळ तिथं घात

भिकाजीआबा पंगतीला बसले की वाढपी त्यांच्यापाशी यायला कचरायचे. वरण आलं की आबा ताटावर हात आडवा धरायचे. "थांब. पळी उचल. अजून वर. आता सोड." धार सरळ पडली की आबांचं तोंड कडू व्हायचं. "हे वरण हाय का नदीचं पाणी बे? पातळ तिथं घात!" यजमानाचा जीव अर्धा व्हायचा.

महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं तेव्हाची गोष्ट. देऊळगाव राजाला आमच्या भिंतीला लागूनच आबांचं घर. माणूस आधी असा नव्हता. नात शांता झाली आणि हे खूळ लागलं. पोरीला जन्मापासून गिळायचा त्रास. दूध श्वासात जायचं, ठसका लागून ओठ निळे पडायचे. जालन्याच्या डॉक्टरांनी बजावलं, पाणीसुद्धा दाट करूनच पाजा, नाहीतर पोर हातची जाईल. सुनेला पाजायचा धीर होईना. म्हणून आबांनीच वाटी-चमचा घेतला. आरारूट शिजवायचं, गाळायचं, दुधात घोटायचं, चमचा तिरपा करून बघायचं. फार दाट झालं तर "खळ झाली", पातळ झालं तर घात. नजर बसावी म्हणून ते गल्लीत कुणाच्याही घरात शिरून कढी, ताक, चहा चमच्यानं तपासायचे!

बालाजीच्या देवळात तर कहरच. तीर्थ वाटीत घेऊन पुजाऱ्यासमोरच त्यात घरून शिजवून आणलेलं आरारूट कालवायचे. एकदा मागची बाई करवादली, "आबा, तीर्थाची लापशी काऊन करून राह्यले?"

"देवाले चालते. तुले काऊन खुपते?" म्हणत आबांनी चमचा शांताच्या ओठाला लावला. ती गिळेपर्यंत सगळी रांग थांबून राहिली.

पोरगी चार वर्षांची झाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता चमचाभर साधं पाणी देऊन बघा. सगळी गल्ली दारात जमली. चमचा सुनेच्या हातात होता आणि आबांचा पत्ता नव्हता. पोरीनं पाणी गिळलं तसा मी सांगायला मागच्या गोठ्यात धावलो. म्हातारा भिंतीकडे तोंड करून, दोन्ही कानांत बोटं घालून उभा होता. ठसका ऐकू येऊ नये म्हणून.

मी त्यांचे हात धरून खाली केले.

"लागला का रे?"

"नाही आबा. दुसरा चमचा मागून राह्यली."

आबा तिथंच गवताच्या पेंढीवर बसले आणि हुंदके देऊन रडले. मलाही आवरेना. मग उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "जा, तिले सांग, हळू पी माय."