काकूंच्या रोमेनियन बाई

सुमतीकाकूंचं एका मेलेल्या बाईशी रोज भांडण होतं. दुबईच्या बर दुबई भागात, चौथ्या मजल्यावरच्या घरी, डाळ शिजत असताना.

"काय हट्टी बाई आहे. अर्धं पान झालं तरी हिचं वाक्य संपत नाही," असं त्या कुकरकडे बघून म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, सुनेबद्दल चाललंय. मी एसी दुरुस्त करायला गेलो होतो. मान खाली घालून फिल्टर धूत राहिलो. दुसऱ्याच्या घरच्या भांडणात नोकरी जायची.

मग कळलं, बाई म्हणजे दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या रोमेनियातल्या लेखिका. काकूंचे यजमान, आता नाहीत ते, तिकडे तेलाच्या कामावर होते. काकू भाजी आणता आणता ती भाषा शिकल्या. आता मुलाकडे राहून बाईंची कादंबरी मराठीत आणतायत. बाईंबद्दल बोलतात मात्र शेजारणीसारखं. "नवरा रेल्वेत, सारख्या बदल्या. दुपारी घर झोपलं की ही स्वयंपाकघरात बसून लिहायची. पुरुष म्हणायचे, बाईमाणूस लिहून लिहून काय लिहिणार? हिने सगळ्यांना कादंबरीत जेवायला बसवलं आणि ते बोलले तसंच लिहून ठेवलं. खलास."

त्या दिवशी काकूंनी मला एक पान वाचून दाखवलं आणि विचारलं, "समजलं?" मी सातवीत शाळा सोडलेला. घाबरून खरं ते बोललो, "नाही मॅडम."

त्यांना कोण आनंद झाला. इथल्या मराठी मंडळातल्या बायका म्हणे प्रत्येक पानाला "वॉव, ब्युटिफुल" म्हणतात. नात म्हणते, "आजी, नॉट नाऊ."

"तू दर रविवारी जेवायला ये," काकू म्हणाल्या. "तुला समजलं नाही, तर चूक माझी. आणि मॅडम नको, काकू म्हण."

तेव्हापासून रास अल खोरला आमची कामगारांची खोली आहे, तिथून बस पकडून जातो. सोफ्याला डाग लागेल म्हणून कडेला टेकतो. एकदा कादंबरीत बाईंच्या गावात रस्त्यावर बर्फ पडला.

"कुठल्या गाडीतून पडला, काकू?"

गावी आमच्या बंदरावर बर्फ म्हणजे मासळीच्या टेम्पोतला. काकू उठल्या, फ्रीझर उघडला आणि चमच्याने खरवडून पांढरा भुगा माझ्या तळहातावर ठेवला. "हा. आभाळातून."

"म्हणजे एसीतला गॅस कमी झाला की कॉइलवर धरतो तसा?"

"अगदी तसा," म्हणत त्यांनी तो अख्खा परिच्छेद नव्याने लिहिला.

पुस्तक संपत आलं तेव्हा मी विचारलं, "संपल्यावर काय?"

"काय असणार? बाई सुटल्या, तूही सुटलास. यल्ला, चल, रविवारी झोप काढ."

मी हसलो, पण बसमध्ये उरलेले रविवार बोटांवर मोजत बसलो. आई गेल्यापासून माझ्या ताटापाशी कुणी बसत नाही.

गेल्या रविवारी शेवटचं पान होतं. मुलगा, सून, नात मॉलला गेले होते. एरवी खणखणीत वाचणाऱ्या काकू इतकं हळू वाचत होत्या की मला पुढे सरकावं लागलं. गोष्टीतली म्हातारी पाहुणे गेल्यावरही जास्तीचं ताट उचलत नाही. नुसती टेबलावरचं कापड सारखं करत बसते.

मला सगळं समजलं. शब्द न् शब्द. काकूंचा हातही टेबलावरच्या कापडावरून फिरत होता.

"समजलं?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"नाही, काकू."

"काय नाही समजलं?"

"सगळंच."

चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग कागदांचा गठ्ठा उलटा करून पहिलं पान वर काढलं.

"ढ आहेस. पहिल्यापासून घ्यावं लागेल. वर्ष जाईल, सांगून ठेवते."

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

त्यांनी न विचारता मला आणखी भात वाढला.