चार खांद्यांच्या सभेची हकीकत

गणरायास वंदून, कुळस्वामीस हात जोडून, शके अठराशे एक, प्रमाथीनाम संवत्सरी जे आरंभिले गेले ते ऐकावे. डोंगराळ मुलखात पोटास मिळेनासे जाहले, मग माणसे गलबतांवर बसोन सागरतीरीच्या शहरी आली आणि गोदीत ओझी वाहू लागली. तेथे कोणी मेला तर उचलावयास आप्त नाही, मग शहराची बेवारशी गाडी येई आणि मढे मोळीसारखे घालोन नेई. हे पाहोन धाकोजी राऊळ नामे हमाल, बोलण्याचे करडे, त्यांणी मुलखातील गडी जमवोन सभा स्थापिली, आणि देवापुढे नारळ ठेवोन शपथा जाहल्या की, आपल्यातल्या मेल्यास आपणच खांदा द्यावा. येथवर पुण्यकर्म. मग धाकोजीबाबांस अधिकार चढला आणि त्यांणी कायदा केला की, मुलखात जन्मला तोच सभासद, आणि जो परक्याचा खांदा तिरडीस लावू देईल त्याची तिरडी सभा उचलणार नाही.

पुढे रावजी घाग, सभेचा इमानी गडी, तापाने वारला, आणि शोक करताना बायको सकू हिच्या तोंडून निघाले की, सासूने त्यास गलबतावरच प्रसविले होते. बाबा तिरडीपासून मागे सरले आणि बोलिले, "दर्यार जलामलो तो आमचो न्हय." सकू पायां पडली, तरी रावजी गाडीनेच गेला. कृत्य निर्दय जाहले, आणि आम्हांस ते लिहिताना संताप येतो.

मग वर्षे लोटली, आणि गडी एकेक गेले, आणि त्यांचे मुलगे शहरात जन्मले म्हणोन सभेत नवा कोणी येईना. शेवटी बाबा आणि दोघे म्हातारे, बाळोजी व सुभानजी, इतकेच उरले. बाबा अंथरुणास खिळले, तेव्हा शहरात जन्मलेला आपला पुत्र गणोजी याजकडे बोट करोन म्हणाले, "माका गाडयेर घालू नकात रे. ह्या झिलाचो खांदो घेया, चवथो खंयचोय चलात."

बाळोजी रडू लागले, पण बोलिले, "बाबा, कायदो तुमचोच. झिलाचो खांदो घेतलव तर उद्या आमका कोण उचलतलो?"

बाबांनी भिंतीकडे तोंड केले आणि त्याच रात्री प्राण सोडिला. गणोजीने तिरडी बांधिली, आणि दोघे म्हातारे दारातच उभे राहिले. गणोजीने शेजाऱ्यांस विनविले, तर ते म्हणाले, "इतकी वर्षं आमचा खांदा चालला नाही, आज कसा चालेल?" मग गाडी आली. गाडीवाला गणोजीस म्हणाला, "धर बाबा एक बाजू." त्याचा जन्म कोठला, हे त्याने विचारिले नाही.

येणेप्रमाणे सभेचा वृत्तान्त. कायदा मोडिला गेला नाही. दोघे म्हातारे अद्याप हयात आहेत, आणि रोज सकाळी एकमेकांच्या दारी जावोन, दुसरा जिवंत आहे ना, ते पाहोन येतात.