मीराबाईचे मागचे डोळे

मीराबाईचे डोळे लाल झाले ते मोहफुलांच्या ऐन भरात, आणि तेही सून रिना गावची आशा वर्कर असताना. फुलं वेचण्याआधी झाडाखालचा पाला जाळावा लागतो, आणि धूर काही माणूस पाहून लागत नाही. पण कालच रिनानं गावभर बजावलं होतं, "कोरोना डोळ्यांतून बी शिरते. हात धुतल्याबिगर डोळे चोळू नोका. कोनाचे लाल दिसले, का चौदा दिवस शाळेत क्वारंटाइन!"

मोह टपकतो तोच मुळी पंधरा दिवस. तोवर सोमारी शेजारीण मीराबाईच्या चार झाडांखाली टोपल्या मांडून बसली असती.

"आई, डोळे दाखवा," रिना रजिस्टर घेऊन दारात.

मीराबाईनं खुंटीवरचा मुखवटा ओढला. वाघ मागून झडप घालतो म्हणून वनखात्यानं डोक्यामागं बांधायला घरोघर वाटलेला. टपोरे डोळे, खाली झुपकेदार मिशा. तो बांधून ती सुनेकडं पाठ करून बसली.

"पाह्य. पांढरेफेक आहेत."

"आई, हा मुखवटा आहे!"

"एवढा मोठा वाघ ह्याले डोळे मानते. तू वाघापेक्षा शायनी झाली का?"

वीस घरं बाकी होती. रिनानं ‘ठीक’ लिहिलं.

तेव्हापासून मीराबाई माणूस दिसला की गर्रकन फिरायची. तिच्या नवऱ्यानं, देवरावांनी, चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा एका मिशीवाल्याकडं चहा मागितला, आणि शिव्या पलीकडच्या बाजूनं खाल्ल्या.

"बाई, उलटी काऊन चालून राह्यली?" झाडाखाली सोमारीनं विचारलं.

"तू आरशात पाह्य आपले डोळे. मंग विचार."

सोमारी घरी गेली ती मुखवटा बांधूनच परतली. धूर तर गावभर होता. तिसऱ्या दिवशी अख्खं गाव एकमेकांना पाठ करून बोलू लागलं. दोघं पारावर रामराम करता करता मागच्या मागं विहिरीच्या कठड्यावर बसले. लटारूच्या बैलांना धनी येतोय की जातोय तेच कळेना. ते चौकातच रवंथ करीत राहिले.

चौथ्या दिवशी तालुक्याचा डॉक्टर तपासणीला मोटारसायकलवर आला. शाळेपुढं बत्तीस जण रांगेत. बत्तीसही तोंडं एकच, बायांसकट मिशीवाली.

"गावात सगळे जुळे आहेत का?" डॉक्टर चक्रावला. "फिरा!"

गाव फिरलं. चौसष्ट डोळे, सगळे पळसाच्या फुलासारखे.

"सगळे शाळेत! चौदा दिवस!"

"साहेब, खोल्या दोन आहेत," मीराबाई पुढं आली. "आन् हा धूर हाय. ताप नाई, खोकला नाई. तपासा न् आमाले, कोन नाई म्हनते?"

"तपासणी करूच. पण नियम तो नियम. लाल डोळे दिसले की शाळा!" म्हणत डॉक्टरनं दोन्ही मुठींनी डोळे चोळले. बारा किलोमीटर तोही त्याच धुरातून आला होता.

"सर, हात धुतल्याबिगर नोका चोळू," रिना हळूच म्हणाली.

मीराबाईनं त्याच्या मोटारसायकलचा आरसा त्याच्याकडं वळवला.

डॉक्टरनं वाकून पाहिलं. त्याचेही डोळे पळसाचेच. मागं रिनानं रजिस्टरचं नवं पान काढलं.

"सर, पूर्ण नाव सांगा."

डॉक्टरनं शाळेच्या दोन खोल्यांकडं नजर टाकली, मग घाईघाईनं सगळ्यांकडं पाठ केली.

"बाई," तो दबक्या आवाजात म्हणाला, "एखादा मुखवटा जास्तीचा आहे का?"