मामे नो मामा

सबनीस काका भेटले की आधी हात पुढे करायचा. नमस्कारासाठी नव्हे. तीर्थ घेताना करतो तशी तळहाताची वाटी करायची. मग काका खिशातून एक छोटी डबी काढतात, तिच्यातली चिमूटभर कॉफीची पूड आपल्या हातावर ठेवतात आणि विचारतात, "सांगा, कोणता रवा?"

आपण ती पूड बोटांनी चोळायची. 'बारीक रवा' म्हणालात तर काका नाराज होतात, 'जाड रवा' म्हणालात तर चिंतेत पडतात. 'रवाच आहे, पण खाली थोडं पीठ लागतंय' असं म्हणालात तर मात्र तुम्हाला जाणकार समजून वर चहाला बोलावतात. हो, चहालाच. कारण काका, त्यांच्याच शब्दांत, 'तत्त्वतः चहाचे' आहेत.

हे सगळं कोबेमधल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये चालतं. बरोबरचे जपानी शेजारी सभ्यपणे लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहतात. एकदा सातव्या मजल्यावरच्या मोरिता-सान या ऐंशीच्या आजींनी माझा हात पुढे झालेला पाहून स्वतःचाही केला. काकांनी त्यांनाही चिमूट दिली. आजींनी ती दोन्ही हातांनी घेतली, वाकून आभार मानले आणि खाऊन टाकली.

आम्ही चौथ्या मजल्यावर आणि सबनीस काका-काकू बरोबर आमच्या डोक्यावर, पाचव्या. काका एका भारतीय व्यापारी कंपनीच्या कोबे ऑफिसात आहेत. आले होते तीन वर्षांसाठी, त्याला चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत ते जे जपानी शिकले त्यात कचऱ्याचे वार, स्टेशनांची नावं आणि 'हाय' हा शब्द येतो. 'हाय' म्हणजे हो. न कळलेल्या प्रत्येक प्रश्नाला हसून 'हाय' म्हणायचं, या एका धोरणावर त्यांनी परदेश निभावून नेला आहे. परिणामी त्यांच्या घरी दोन जपानी वर्तमानपत्रं येतात. वाचता एकही येत नाही, पण काकूंना भाजी निवडायला उपयोग होतो.

काकांचा दुसरा शब्द 'तत्त्वतः'. ते तत्त्वतः दुसऱ्याच्या छत्रीत शिरत नाहीत, तत्त्वतः सरकता जिना चढत नाहीत आणि जेवणानंतर श्रीखंड नको म्हणायचं असेल तरी तत्त्वतः नको म्हणतात. हा शब्द एकदा तोंडातून गेला की ब्रह्मदेवही त्यांना मागे खेचू शकत नाही, असं काकू म्हणतात.

कॉफी या घरात शिरली ती एका 'हाय'मुळे. मार्चमधल्या एका शनिवारी काका ओसाकाहून आले ते हातात कागदी पिशवी घेऊन. लिफ्टमध्ये मला म्हणाले, "काय गं, तुला बरं जपानी येतं. कॉफीच्या दुकानातली पोरगी मला म्हणाली, मामे नो मामा. म्हणजे काय?"

त्यांनी स्वतः रेल्वेत बसून बराच विचार केला होता. 'नो' म्हणजे 'चा' एवढं त्यांना ठाऊक होतं. तेव्हा मामेचा मामा. मामेभावाचा मामा म्हणजे मामीचा भाऊ. पण आपल्या मामीला भाऊ नाही, चार बहिणी आहेत, आणि असता तरी या पोरीला त्याच्याशी काय करायचंय, इथे गाडं अडलं होतं. "तुम्ही हाय म्हणून मोकळे झालात ना," असं मी मनात म्हटलं. तोंडाने एवढंच सांगितलं की मामे म्हणजे बी आणि मामा म्हणजे आहे तसं. 'बिया आहेत तशाच देऊ, की दळून?' असं ती विचारत होती.

"आणि मी हाय म्हणालो," काका म्हणाले आणि पिशवीत डोकावले. आत सगळ्या बिया आख्ख्या होत्या.

काकूंनी त्या मिक्सरच्या चटणीच्या भांड्यात फिरवल्या. मला वर बोलावलं. पहिला घोट घेतला आणि मला भाकरीची आठवण झाली. लसूण तर होताच, पण काकांचं लक्ष वासाकडे नव्हतं. त्यांनी ती पूड ताटलीत पसरली होती. अर्धी पिठासारखी, अर्धी लापशीसारखी. मग त्यांनी काकूंच्या चाळण्या काढल्या, पिठाची, रव्याची, मैद्याची, आणि त्या पन्नास ग्रॅम पुडीचे चार ढीग केले. त्या दिवशी या माणसाला वेड लागलं.

पुढचे पाच महिने ते वेड वाढत गेलं. लिफ्टमध्ये, कचऱ्याच्या जाळीपाशी, सायकल लावताना, काका मला एकच गोष्ट समजावत होते. मिक्सरचं पातं दळत नाही, मारतं. ज्या बीला चार तडाखे बसले तिचं पीठ, जी वाचली तिची लापशी. पीठ कडू उतरतं, लापशी आंबट आणि पाणचट. एकाच कपात दोन्ही. खऱ्या मिलमध्ये पातं नसतंच. दातेरी शंकू दातेरी कड्यात फिरतो, मध्ये ठरावीक फट, आणि फटीतून जाण्याएवढी बारीक झाल्याशिवाय बीची सुटका नाही. गिरणीवाला नाही का, गहू आले की चाक आवळतो आणि भाजणी आली की सैल करतो, तसंच. "दळण कळलं की अर्धा स्वयंपाक कळला," काका म्हणत. उरलेला अर्धा काकू करत होत्या.

पहिला हातमिल त्यांनी घाईने आणला. स्वस्तातला, आत चिनीमातीचा शंकू. दिसायला देखणा, पण शंकूचा दांडा दातासारखा हलायचा, त्यामुळे फट एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद. पुन्हा तेच पीठ आणि तीच लापशी, फक्त आता दंड दुखत होते. विजेवरचा मिल घ्यावा तर त्याचा आवाज. आमच्या इमारतीत कुणी तोंडावर तक्रार करत नाही, लिफ्टमध्ये अत्यंत नम्र भाषेतली चिठ्ठी लागते. ती चिठ्ठी वाचता न आल्यामुळे आपण खाली 'हाय' लिहून येऊ, अशी काकांना रास्त भीती होती.

मग सान्नोमियातल्या मोठ्या दुकानात दर रविवारी वारी सुरू झाली. एकदा मीही गेले. काका प्रत्येक मिलचं हँडल काढायचे, दांडा चिमटीत धरून हलवायचे, डोळ्यांसमोर धरून फट बघायचे. जावई पारखावा तसं चाललं होतं. बाहेरच्या चकचकाटाला भुलायचं नाही, आतून डळमळता कामा नये, आणि सहज उघडून साफ करता आला पाहिजे. विक्रेते गृहस्थ आधी मदतीला आले, मग वाकले, मग दुसऱ्या मजल्यावर निघून गेले. अखेर ऑगस्टच्या शेवटी मिल ठरला. पोलादी शंकू, दोन बेअरिंगांवर घट्ट बसलेला दांडा, आणि फट कमी-जास्त करणारी चकती, जी फिरवताना टक् टक् वाजते. दसऱ्याला काकूंनी त्याला झेंडूचं फूल वाहिलं. शेजारी काकांचा ऑफिसचा लॅपटॉप होता, त्याला फूल नव्हतं.

तेव्हापासून रोज सव्वासहाला आमच्या छतातून घर्रघर्र ऐकू येते. माझ्या नवऱ्याने गजर लावणं सोडून दिलं. वहीत नोंदी होऊ लागल्या, वीस टक्, एकोणीस टक्, अठरा टक्. बिया मिलला चिकटू नयेत म्हणून त्यांवर पाण्याचा एक थेंब. दोन नव्हे. काकूंनी एकदा मिल साफ करायला म्हणून त्यातून मूठभर तांदूळ दळून काढले, तर काका त्यांच्याशी दिवसभर बोलले नाहीत.

आता या सगळ्यात हसण्यासारखं नसलेलंही काही होतं, आणि ते मला काकूंनी बाटल्यांची झाकणं वेगळी करता करता सांगितलं. कचऱ्याच्या जाळीपाशी उभं राहिलं की माणसं खरं बोलतात. काका-काकूंची एकुलती एक केतकी. कोबेला आली तेव्हा नऊ वर्षांची होती. ओसाकात कॉलेज झालं, एका मोठ्या कंपनीने नोकरी देऊ केली, आणि पोरीने ती नाकारली. शिकताना ज्या कॉफीच्या दुकानात आरुबाइतो, म्हणजे फावल्या वेळची नोकरी, करत होती, तिथेच कायमचं राहायचं ठरवलं. बिया भाजणं शिकणार म्हणाली.

काका भडकले. लोकांचे कप विसळायला तुला शिकवलं का, म्हणाले. आणि वर, "तुझ्या दुकानाची पायरी मी चढणार नाही. तत्त्वतः."

"नका चढू," केतकी म्हणाली आणि बॅग भरून गेली. ती गेली फेब्रुवारीत. आईला फोन करायची, घरी यायची नाही. काकू झाकणं टाकता टाकता म्हणाल्या, "दोघंही सबनीस. मी एकटीच कुलकर्णी."

मी आपला माझा निष्कर्ष काढला. तिच्यावरच्या रागानेच काका घरात कॉफी करत असणार, तुझ्यावाचून आमचं अडत नाही हे दाखवायला. नवऱ्यालाही तसंच सांगितलं. माणसांबद्दलचे माझे अंदाज फार लवकर तयार होतात.

नोव्हेंबरात काकूंचा साठावा वाढदिवस आला आणि केतकीने तासभर येते म्हणून कळवलं. तो आठवडा काकांनी कसा काढला ते मी रोज ऐकत होते. पहाटेची घर्रघर्र संध्याकाळीही सुरू झाली. लिफ्टमध्ये त्यांनी मला चार वेळा हात पुढे करायला लावला. शुक्रवारी तर त्यांनी विचारलं, "अठरा की एकोणीस?" आणि त्यांचा आवाज असा आला की माझी थट्टा तोंडातच राहिली. एक कप फसला तर ही पोर तासाभराने जाईल आणि पुन्हा नऊ महिने येणार नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मी काहीच कळत नसताना अठरा म्हटलं.

रविवारी मी काकूंच्या मदतीला वर होते. केतकी आली, तिने बूट काढून जपानी पद्धतीने टोकं दाराकडे करून ठेवले, आईच्या गळ्यात पडली. बाबांना म्हणाली, "बरे आहात ना?" बाबा 'हाय' म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

घर्रघर्र सुरू झाली. केतकी बोलता बोलता थांबली, उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. काकांनी मिल उघडला. तिच्याकडे न बघता ते पूड गाळणीच्या कागदात ओतणार, एवढ्यात तिने हात पुढे केला. तीर्थ घेताना करतो तसा. काकांनी चिमूट ठेवली. प्रश्न विचारायचं धाडस त्यांना झालं नाही. तिने पूड बोटांनी चोळली आणि म्हणाली, "लाडवाच्या बेसनापेक्षा जरा जाड. पीठ लागत नाहीये."

मग कॉफी उतरली. केतकीने घोट घेतला, थोडा वेळ तोंडात ठेवला आणि गिळून म्हणाली, "माऽमा."

"आता मामाला कशाला मध्ये आणतेस?" काकू म्हणाल्या. जपानीत माऽमा म्हणजे ठीकठाक, बरी आहे, असं मी हळूच सांगितलं. काकांचा चेहरा उतरला. ते टॉवेलला हात पुसत राहिले.

"बाबा," केतकी म्हणाली, "आमच्या मास्तरांनी मला अजून एकदाही माऽमा म्हटलेलं नाही." आणि तिने रिकामा कप पुढे केला. "अजून आहे?"

काकांनी दुसऱ्या कपासाठी मिल असा काही फिरवला की खालच्या मजल्यावर माझा नवरा दचकून उठला असणार. मी त्यांना इतकं उंच कधी पाहिलं नव्हतं. दळता दळता मला म्हणाले, अठराच, बघितलंस ना, अठराच. जणू आकडा आम्ही दोघांनी मिळून शोधला होता.

काकूंनी सहज विचारलं, बिया कुठल्या म्हणून. काका एकदम मिलच्या झाकणात काहीतरी शोधू लागले. केतकीच म्हणाली, "आमच्याच. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मीच भरून देते."

मग कळलं. मार्चपासून दर महिन्याला काका ओसाकाला जात होते, तिच्या दुकानासमोर रांगेत उभे राहत होते. ती टोपी आणि मास्क घालून काउंटरवर असायची. कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं ती अतिशय अदबीने विचारायची, मामे नो मामा दे योरोशी देस का? बिया आहेत तशाच चालतील ना? काका म्हणायचे, हाय. ती पिशवी द्यायची, वाकायची, ते निघून यायचे. आठ महिने बापलेकीत एवढंच बोलणं झालं होतं.

"पायरी चढणार नव्हतात ना?" काकू म्हणाल्या.

"चढलो नाहीच," काका म्हणाले. "त्यांची विक्रीची खिडकी रस्त्यावर आहे. तत्त्वतः मी रस्त्यावर होतो."

केतकी हसली, पण तिचे डोळे भरले होते. "पहिल्या वेळी तुम्हाला कळलं नव्हतं, हे मला माहीत होतं. घरात मिल नाही, हेही. दळूनच द्यायला हवं होतं मी. पण म्हटलं, अडलं की विचारायला परत याल."

"आलो की," काका म्हणाले.

काकू श्रीखंड काढायला म्हणून वळल्या आणि फ्रिजचं दार उघडून बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मलाही रडू आवरेना. तासभर म्हणून आलेली केतकी जेवून, झोपून, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेली. निघताना तिने काकांना मिलचा ब्रश कसा धरायचा ते दाखवलं.

मंगळवारी काका लिफ्टमध्ये भेटले. मोरिता-सानही होत्या. आम्ही दोघींनी हात पुढे केले. काकांनी आजींना आधी स्वतः चोळून दाखवलं, खायचं नसतं म्हणून. आजींनी मान डोलावली, चोळलं, आणि खाल्लं.

मी विचारलं, "मग काका, केतकी आता दुसरी नोकरी बघणार, की तिथेच राहणार?"

"तत्त्वतः..." काका म्हणाले आणि अडले. डबीचं झाकण लावायला त्यांना उगाचच वेळ लागला. मग म्हणाले, "राहू दे. मामे नो मामा. आहे तशीच."

लिफ्ट खाली पोहोचली. मोरिता-सान वाकून निघून गेल्या. काका दारात थांबले आणि मला एखादं गुपित सांगावं तसं म्हणाले, "आता शनिवारी पायरी चढणार आहे. दोनच आहेत. मार्चपासून रांगेत उभा राहून मोजतोय."